दोनशे बारावी काच

१

सोमवारी, चोवीस फेब्रुवारीला, होन्सू मला सापडला तो उपड्या घातलेल्या एका होडीखाली.

एगुन कोळ्यांची वस्ती आमच्या वॉर्डाच्या टोकाला, खाडीला चिकटून होती. छत्तीस झोपड्या, सगळ्या बांबू आणि झावळ्यांच्या. मी वस्तीत शिरलो की कुणीतरी ओरडायचं, "वोले-वोले आला गं!" वोले-वोले म्हणजे घरात डोकावणारा. लागोस बेटावर सॅनिटरी इन्स्पेक्टरचं हेच नाव होतं आणि ते काही खोटं नव्हतं. लोकांच्या रांजणात, मोरीत आणि अंथरुणाखाली डोकावण्याचाच पगार मला मिळत होता.

त्या सकाळी सेनामी होडीला पाठ टेकून जाळं शिवत बसली होती. जाळं धड होतं.

"काय शिवतेस, सेनामी?"

"तुझं तोंड," ती म्हणाली. मान वर केली नाही.

तेवढ्यात होडीखालून कुणीतरी कण्हलं. माझ्याबरोबर पा शोडिपो होते; 'पा' आम्ही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतो. आम्ही दोघांनी होडी उचलली. खाली चटईवर सेनामीचा मुलगा होन्सू पडला होता, उशाशी ओगीची, मक्याच्या पेजेची, वाटी. कपाळ, तळहात, पावलं, सगळीकडे पुळ्या उठल्या होत्या, पाणी भरत आलेल्या. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घेत नाहीत, 'तापलेली जमीन' म्हणतात. पण माझ्या वहीत नाव लिहावंच लागायचं. देवी.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"अंगावर शनिवारी दिसलं. ताप आधीपासून होता." सेनामी आता उभी राहिली. "नेणार ना त्याला खाडीपलीकडे? तिकडे नेलेला कुणी परत आलाय? एकाचं नाव सांग."

मी दोन नावं सांगितली.

"ती दोघं गेली तेव्हाच बरी होती!"

 पा शोडिपो वॉर्डात देवी काढायचे, म्हणजे लस टोचायचे. गेली तीस वर्षं. साठी ओलांडली होती. लहानपणी त्यांना स्वतःला देवी येऊन गेली होती, चेहरा वणांनी भरलेला, त्यामुळे रोग्याला हात लावायची त्यांना भीती नव्हती. मला हे काम त्यांनीच शिकवलं. एरवी अशा वेळी रोग्याच्या आईशी बोलायचं ते तेच. त्या दिवशी मात्र त्यांनी होन्सूच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन रोगी निघाले. एक सारो गल्लीतला, म्हणजे सिएरा लिओनहून परतलेल्यांच्या वस्तीतला कारकून, डेकर. दुसरी ब्राझीलहून परतलेल्यांच्या मोहल्ल्यातली, लग्न ठरलेली मुलगी, लिओकादिया. तिघांनाही आम्ही होडीने पलीकडच्या छावणीत पोचवलं.

मोठ्या डॉक्टरांनी माझा कागद वाचला आणि नकाशावर कोळीवस्तीवर बोट ठेवलं.

"उगम इथे आहे. शनिवारी ही वस्ती जाळा."

२

"साहेब, उगम तिथे नसावा," मी म्हणालो.

साहेबांना असं बोलायची मला सवय नव्हती. त्यांनाही ऐकायची नव्हती. त्यांनी चष्मा काढला.

मी सांगितलं ते साधं होतं. देवी अंगात शिरल्यापासून पुळी दिसेपर्यंत दोन आठवडे जातात. तिघांच्याही अंगावर पुळी दिसली ती शनिवारी, बावीस तारखेला. म्हणजे तिघांनाही रोग लागला तो शनिवारी, आठ तारखेच्या आगेमागे. होन्सूपासून बाकीच्यांना लागला असता, तर ते होन्सूच्या मागून दोन आठवड्यांनी पडले असते.

"मान्य. पण मग होन्सूला कुणी दिला? त्याच्या वस्तीतल्या कुणीतरी. तोच माणूस इतर दोघांना मासे विकत असेल."

"मी छत्तीसही झोपड्या पाहिल्या. कुणीही आजारी नाही, कुणाच्या अंगावर ताजी खपली नाही."

"एकाला होडीखाली लपवलं, तसं दुसऱ्यालाही लपवलं असेल." त्यांनी चष्मा परत घातला. "शनिवारपर्यंत मला दुसरा उगम दाखवा. नाहीतर काडी लागेल."

बाहेर पा शोडिपो ओट्यावर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तू बरोबर मोजलंस," ते म्हणाले. मग पिशवी पुढे ओढत, "त्यांना म्हणावं, आणखी आठ दिवस द्या. घाई नको."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील."

ते उठले आणि पिशवी खांद्याला लावून चालू लागले. आम्ही परत कोळीवस्तीत गेलो, बाकीच्यांना टोचायला. तीस वर्षांत पांचा हात हलला नव्हता. त्या दिवशी एका बाईच्या दंडावर सुईचा ओरखडा लांब गेला, रक्त आलं.

"पा, बरं नाही का?"

"झोप नाही रे. थिओ कालाबारला गेल्यापासून घर खायला उठतं."

थिओफिलस त्यांचा एकुलता एक. बावीस वर्षांचा. त्याला कालाबारच्या एका गोदामात नोकरी लागली आणि महिन्याच्या सुरुवातीला तो आगबोटीने गेला, असं मी ऐकलं होतं. मी आणि थिओ रविवारी आयो खेळायचो, खळग्यांच्या पाटावर बियांचा खेळ. तो नेहमी हरायचा आणि नेहमी भांडायचा. मला न सांगता गेला याचं थोडं वाईट वाटलं होतं, पण नोकरीच्या घाईत माणूस विसरतो.

३

तीन माणसं, तीन मोहल्ले. यांच्यात सारखं काय, ते शोधायचं होतं.

मंगळवारी मी डेकरच्या बायकोकडे गेलो. तिने मला दारातच उभं केलं.

"मासे? आमच्याकडे? त्यांना मासळीचा वास आला तरी नाकाला रुमाल लावतात. कोळीवस्तीत म्हणे गेले होते! स्वतःच्या सासरी जायला त्यांना जड होतं."

"शनिवारी, आठ तारखेला कुठे होते?"

"ऑफिसात. मग घरी. मध्ये काय केलं ते मला सांगून थोडंच करतात?"

देवळाचंही जमेना. डेकर प्रॉटेस्टंट, लिओकादिया कॅथलिक, होन्सू दोन्ही नाही. पाणी वेगळ्या नळांचं, धोबी वेगळे, बाजार वेगळे. बुधवारी लिओकादियाच्या आईकडे गेलो. दोना बाल्बिना म्हणजे अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली बाई. तिच्या दारात जंतुनाशकाचा वास होता आणि अंगणात लेकीचं अंथरूण जळत होतं.

"ये, डोकाव. आता काय राहिलंय डोकावण्यासारखं? ईस्टर झाला की लग्न होतं. चौदा वार लेस आणली होती, ती पण तुझ्या माणसांनी उकळत्या पाण्यात घातली. लेस उकळतात का कुणी?"

"दोना बाल्बिना, आठ तारखेचा शनिवार आठवतो? ती कुठे गेली होती?"

"कुठे जाणार? मी सोडते का तिला एकटीला? फोटो काढायला नेलं होतं. ती आणि तिचा नवरा होणारा. मी बरोबर होते. अर्धा तास पुतळ्यासारखे उभे, आणि तो फोटोवाला म्हणे हसू नका. लग्नाच्या फोटोत हसायचं नाही तर काय मयताच्या फोटोत हसायचं?"

मी वहीत लिहीत होतो तो थांबलो.

फोटो. सेनामीच्या झोपडीत, कुडाला, माशाच्या टोपलीवर एक नवाकोरा फोटो टांगलेला होता. होन्सू काळा कोट घालून खुर्चीत बसलेला. लंगोटी नेसणारा पोरगा आणि साहेबी कोट, म्हणून मला मनात हसूही आलं होतं. आणि डेकरच्या घरी दारातून दिसणाऱ्या टेबलावर, फुलदाणीला टेकवलेला, अजून चौकट न घातलेला एक फोटो होता.

मी तसाच सारो गल्लीत धावलो. डेकरच्या बायकोने फोटो माझ्या हातात दिला. मखमली कोट. डाव्या बाहीला जरीच्या तीन पट्ट्या असाव्यात तशी शिवण, पण मधली पट्टी उसवून गेलेली. तिथून कोळीवस्ती. होन्सूचा कोट, डावी बाही, मधली पट्टी नाही.

"हा कोट कुणाचा, सेनामी?"

"फोटोवाल्याचा. घटकाभर घालायला देतो. पोराच्या होणाऱ्या सासऱ्याला पाठवायचा होता फोटो, म्हणून." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "का? कोटात काय आहे?"

एकच गोष्ट अडत होती. लिओकादिया मुलगी. तिने पुरुषाचा कोट कशाला घातला असेल?

मी पुन्हा दोना बाल्बिनाच्या दारात. ती चिडली होती, पण उत्तर दिलं. "तिने नाही, तिच्या नवऱ्याने घातला. आणि ही त्याच्या दंडाला बिलगून उभी. फोटोवाल्याने सांगितलं, गाल बाहीला लाव. लावला."

"आणि तो? तो आजारी नाही?"

"त्याला लहानपणीच येऊन गेलीय. तोंड बघ ना त्याचं, चाळणी झालीय. मी नकोच म्हणत होते त्या स्थळाला."

४

फोटोवाल्या टायटस ओडुनुगाचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर होता, उत्तरेला मोठी काच. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर खांब, जिना आणि कुठल्यातरी थंड देशातलं तळं. खुंटीवर कोट.

"हात लावू नका त्याला," मी म्हणालो. टायटसने पुढे केलेला हात मागे घेतला. त्याने 'का' असं विचारलं नाही. ते माझ्या ध्यानात राहिलं.

मी तिन्ही रोग्यांची नावं सांगितली. तो खुर्चीत बसला. बारीक, नीटनेटका माणूस, नखं औषधांनी काळी पडलेली.

"आठ तारखेला तिघांचे फोटो काढलेस?"

"काढले."

"त्याआधी हा कोट कुणी घातला?"

"सगळेच घालतात."

"शेवटचा कोण?"

"आठवत नाही."

"कोट बाहेर कुणाला दिला होतास?"

"मी कोट बाहेर देत नाही."

फोटोच्या काचा तो लाकडी खोक्यांत उभ्या ठेवायचा, प्रत्येकीच्या कोपऱ्यात आकडा. मी खोकं पुढे ओढलं. होन्सूची काच दोनशे सोळा, डेकरची दोनशे सतरा, लग्नाच्या जोडप्याची दोनशे एकोणीस. मागे मागे गेलो. दोनशे तेरा, चौदा, पंधरा, सगळ्या बायका, कुणाच्या अंगावर कोट नाही. दोनशे अकरा, एक गलेलठ्ठ पाद्री. मधली दोनशे बारा नव्हती.

"फुटली," टायटस म्हणाला. मी विचारायच्या आधीच.

"तुकडे?"

"फेकले."

खिडकीतून ऊन येत होतं, खोली तापली होती. त्याने घाम पुसायला बाही वर सरकवली आणि मला त्याचा दंड दिसला. दंडावर गुलाबी, ताजा वण. खपली नुकतीच गळून पडलेली. लस टोचल्यापासून खपली गळायला तीन आठवडे लागतात.

"कुणी टोचलं?"

"पा शोडिपोंनी."

"केव्हा?"

"याच महिन्यात. चार तारखेला, मंगळवारी. घरी आले होते, आपणहून. मला, बायकोला, सगळ्यांना टोचून गेले."  आपण काय बोललो ते त्याला उशिरा कळलं.

पांच्या पिशवीतली लस मोजून यायची. ते गल्लीवार जायचे, यादी करून. वॉर्डात पहिला रोगी सापडला चोवीस तारखेला. चार तारखेला, कुठे काही नसताना, ते गल्ली सोडून एका फोटोवाल्याच्या घरी टोचायला कशाला गेले?

"टायटस, शनिवारी छत्तीस घरं जळणार आहेत. काच कुठे आहे?"

५

तो उठला आणि रंगवलेल्या पडद्याच्या मागे गेला. बऱ्याच वेळाने काळ्या फडक्यात गुंडाळलेली काच घेऊन आला.

"फोडणार होतो. पण तिने छाप मागितला होता. अजून दिला नाही. फोडायला हात होईना."

"तिने म्हणजे कुणी?"

त्याने काच माझ्या हातात दिली. मी काच खिडकीकडे धरली. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. खुर्चीत बसवलेला एक माणूस, अंगात कोट, डोकं उशीला टेकवलेलं. चेहरा गुळगुळीत, एक डाग नाही. डोळे मिटलेले आहेत हेही नीट बघितलं तेव्हा कळलं.

"मयत आहे," मी म्हणालो.

"हो."

"कशाने गेला?"

"मी काय डॉक्टर आहे?"

मी काच तिरपी केली. टायटस चेहऱ्यांवर पेन्सिल चालवतो हे मला माहीत होतं, सगळेच फोटोवाले चालवतात. कुणाची सुरकुती, कुणाचा तीळ. काचेवर शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके देतात आणि छापात डाग दिसत नाही. तिरप्या उन्हात शिसं चमकतं. त्या चेहऱ्यावर ते चमकलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पापण्यांवर, ओठांवर, कानाच्या पाळीवर. शेकडो ठिपके. सुईचं टोक टेकवायला मोकळी जागा नव्हती. खालचे मांडीवर ठेवलेले हात मात्र त्याने तसेच सोडले होते, पांढऱ्या हातमोज्यांत झाकलेले होते म्हणून.

"किती वेळ लागला?"

"दोन दिवस," टायटस म्हणाला. "तिने सांगितलं होतं, आधी होता तसा दिसू दे."

"छाप काढ."

त्याने कागद आणि काच चौकटीत बसवून चौकट गॅलरीत उन्हात ठेवली. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. खाली रस्त्यावर एक बाई अकारा, डाळीची भजी, तळत होती, तेलाचा वास वर येत होता. आधी कोट उमटला, मग खुर्चीची पाठ. चेहरा सर्वांत शेवटी आला, हळूहळू, पाण्याखालून कुणीतरी वर यावं तसा.

थिओ होता. कालाबारला गेलेला.

६

पांच्या घरी गेलो तेव्हा गुरुवारची दुपार होती. ते जेवायला बसले होते. पुढ्यातल्या एकोला, मक्याच्या घट्ट गोळ्याला, हात लावलेला नव्हता. इया थिओ, त्यांची बायको, दारापाशी बसली होती. आमच्याकडे आईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. मी तिला आयुष्यभर तीच हाक मारत आलो होतो, आणि त्या दिवशी ती तोंडातून फुटेना.

मी छाप जमिनीवर ठेवला. तिने तो उचलला, पदराने पुसला आणि छातीशी धरला. पांनी तिकडे पाहिलंच नाही.

"ख्रिसमसला अबेओकुटाला गेला होता, मामाकडे," ते म्हणाले. "तिथून घेऊन आला. वीस जानेवारीला अंगावर दिसलं. दोन फेब्रुवारीला गेला."

"लस टोचली नव्हती?"

"टोचली होती. मीच. दोन वर्षांपूर्वी. बोटीतून आलेली लस उन्हाने मेली होती, हातावर उठलीच नाही. पुढच्या बोटीच्या लशीने पुन्हा टोचू म्हटलं, आणि रजिस्टरमध्ये 'उठली' असं लिहून टाकलं. मग राहून गेलं. जोनास, लोकांची तीस हजार पोरं टोचली मी. घरचं एक राहून गेलं."

"आणि लपवलं का? पलीकडे नेलं असतं, तर..."

"देवी काढणाऱ्याचा पोरगा देवीने मेला!" त्यांचा आवाज चढला. "हे एकदा बाजारात गेलं की कोण आई माझ्यापुढे पोराचा हात धरेल? तूच सांग. कसंबसं वीस वर्षांनी लोकांना पटलं होतं. एका पोरापायी ते सगळं मोडू? म्हणून मागच्या खोलीत ठेवला, तिथेच पुरला. आम्हा दोघांना येऊन गेलेली, दुसरं कुणी आत आलं नाही. तिथेच संपणार होतं."

"फोटो मी काढायला लावला," इया थिओ मध्येच म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "हे नको म्हणत होते. मी म्हटलं, पोराचा एक फोटो नाही माझ्याकडे. फोटो झाल्याशिवाय मातीत घालू देणार नाही. कोटाची त्याला फार हौस होती. टायटसला मीच सांगितलं, कोट घेऊन ये."

"टायटसला मी बजावलं होतं, कोट कार्बोलिकच्या जंतुनाशकात बुडव," पा म्हणाले. "फोटोच्या दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन टोचूनही आलो."

"मखमल खराब होईल म्हणून त्याने नुसता उन्हात घातला. मला त्यानेच सांगितलं," मी म्हणालो.

पांनी डोळे मिटले. हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोळीवस्तीत होडी उचलल्यापासून चार दिवस त्यांना एवढंच कळत होतं की आपल्या घरातूनच काहीतरी बाहेर गेलंय. कशातून, ते कळलं नव्हतं.

"आणि छत्तीस घरं, पा? माझ्या शेजारी उभे राहून सेनामीच्या शेजारणींना टोचत होतात तुम्ही."

"वाटलं, शनिवारपर्यंत काहीतरी होईल."

"काय होणार होतं?"

त्यांनी पुढ्यातला एको बाजूला सारला.  मी त्यांचा शिष्य, त्यांच्या घरचा एको खाऊन वाढलेला. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

"मी आत्ता डॉक्टरांकडे जातो," शेवटी मी म्हणालो.

"जा. तिथे तू सांग." ते भिंतीला धरून उभे राहिले. "बाजारात मी सांगेन. तुझ्या तोंडून ऐकलं तर लोक म्हणतील वोले-वोले खोटं बोलतोय."

७

डॉक्टरांनी वस्ती जाळायचा हुकूम मागे घेतला. दिलगिरी वगैरे काही नाही, कागदावर एक रेघ मारली. त्यांनी माझ्यादेखत कोट जाळवला, पांच्या मागच्या खोलीत चुना टाकवला. थिओला उकरायचं मात्र त्यांनी काढलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. टायटसच्या काचांवरून आठ तारखेनंतर कोट घातलेले आणखी चौघे सापडले. पांइतकं चांगलं टोचणारं कुणी नव्हतं, पण त्यांची पिशवी काढून घेतली होती. मी टोचलं.

शुक्रवारी सकाळी पा मासळीबाजारात नळाच्या ओट्यावर उभे राहिले. बायांना वाटलं, नेहमीसारखं लस टोचायला बोलावतायत. त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. माझा मुलगा देवीने गेला, त्याची लस उठली नव्हती, मी लपवलं, त्यातून हे झालं. कोळ्यांचा काही दोष नाही.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग कुणीतरी हातातलं भोपळ्याचं भांडं फेकलं. सेनामी गर्दीतून पुढे आली आणि त्यांच्या पायापाशी थुंकली.

"तीस वर्षं आमच्या पोरांचे दंड धरलेस. उद्या आमच्या घरांना काडी लागली असती, तेव्हा कुणाचा दंड धरणार होतास, पा?"

"कुणाचा नाही," ते म्हणाले.

ती वळून गेली. ती त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

दोना बाल्बिना मात्र हलली नाही. कमरेवर हात ठेवून उभी होती. "आता कुठे जाशील?"

"पलीकडे. छावणीत. तिथे रोग्यांना हात लावायला माणूस मिळत नाही. मला होऊन गेलीय."

"मग माझ्या पोरीला पाणी पाजायचं ते तू. दुसऱ्या कुणी नाही. पुळ्या खाजवू दिल्यास तर बघ. आणि ती गेली, तर परत या बेटावर पाय ठेवू नकोस."

"बरं," पा म्हणाले.

त्यांना वाटलं होतं तसंच झालं. आधीच्या आठवड्यात पांपुढे तीनशे हात आले होते. पुढच्या आठवड्यात माझ्यापुढे अकरा आले. आया दारं लावून घ्यायच्या. घरोघर समजावून पूर्वीसारखे हात पुढे यायला पावसाळा उलटून गेला. पांचं म्हणणं चूक नव्हतं, त्यांनी केलं ते चूक होतं, हे मी नव्या माणसांना शिकवताना नेहमी सांगतो, आणि ते सांगताना माझं मलाच पुरतं पटत नाही.

वॉर्डात एकूण अकरा जण पडले. चार गेले, त्यांत डेकरही. होन्सूचा एक डोळा गेला, तो वाचला. छावणीतले पहारेकरी सांगायचे, म्हातारा झोपतच नाही, रोग्यांचे हात फडक्यांनी बांधून बसतो.

एप्रिलच्या सुरुवातीला लिओकादियाला सोडलं. धक्क्यावर मी होतो, दोना बाल्बिना होती, तिचा होणारा जावई होता. होडी लागली. पांनी मुलीला हाताला धरून उतरवलं आणि स्वतः होडीतच उभे राहिले, बेटावर पाय न टाकता. लिओकादियाने डोक्यावरचं वस्त्र मागे सारलं. गाल, कपाळ, नाक, सगळ्यावर वण. जावयाने एकदा पाहिलं आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवत म्हणाला, "आता शोभेल जोडा." ती हसली.

दोना बाल्बिना लेकीकडे बघत होती. मला वाटलं आता ती रडणार. तिने लेकीचं मनगट धरलं, वर उचललं, बोटांनी मोजल्यासारखं दाबून पाहिलं आणि होडीकडे वळून कडाडली.

"हाडं राहिलीत नुसती पोरीची! तिकडे काय जेवायला घालत नव्हतास का रे म्हाताऱ्या? ये इकडे, उतर खाली, आणि सांग मला काय काय खायला घातलंस ते!"